चार जीबी रॅमच्या लहान लॅपटॉपवर लिनक्स कसे बसवावे

इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीची सचिव या नात्याने पाण्याच्या वेळांच्या सूचना, देखभाल-खर्चाच्या थकबाकीची पत्रे आणि सभांची इतिवृत्ते मी ज्या लॅपटॉपवर तयार करते, तो २०१८ साली मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला आहे. त्याचा पडदा ११.६ इंची, प्रोसेसर सेलेरॉन एन३३५०, रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे यंत्रातच जोडलेली चिप, आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, म्हणून महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानात मी चौकशी केली, तेव्हा नवीन लॅपटॉप घ्यावा असा सल्ला मिळाला. यंत्र शाबूत होते, कळफलक उत्तम होता आणि बॅटरीही बरी चालत होती. ते भंगारात काढणे मनाला पटले नाही, म्हणून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीकडे मी वळले. संगणकाचे कोणतेही शिक्षण नसताना हे काम मी दोन शनिवारांत पूर्ण केले. ते कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे अडायला होते, हे पुढे लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. लहान लॅपटॉपवरचा प्रत्येक निर्णय तीन आकडे ठरवतात: ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि पडद्याची ७६८ पिक्सेल उंची. मोठ्या यंत्रासाठी दिलेला सल्ला चुकीचा नसतो, परंतु तो या तीन आकड्यांवर घासून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

कोणते लिनक्स निवडावे

लिनक्स हे मुळात प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे यंत्राचे भाग चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे, नाव आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली तो गाभा तयार केला आणि त्याभोवती निरनिराळ्या समूहांनी संपूर्ण प्रणाली उभ्या केल्या. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट ही त्या प्रणालींची नावे आहेत. नवख्या माणसाला या निवडीचेच ओझे वाटते. मी लिनक्स मिंटची २२ ही मालिका निवडली, कारण तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत आणि रोजची बहुतेक कामे तिच्यात माउसने होतात.

मिंटच्याही डेस्कटॉपनुसार, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीनुसार, आवृत्त्या आहेत. सिनॅमन ही आवृत्ती दिसायला अधिक देखणी असली, तरी ४ जीबीच्या यंत्रावर एक्सएफसीई हीच आवृत्ती घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. डेस्कटॉपने स्वतःसाठी जितकी कमी रॅम घेतली, तितकी ती ब्राउझरसाठी उरते, आणि आज रॅमचा खरा ग्राहक ब्राउझरच आहे. निफाडला माझ्या भावाकडे २ जीबी रॅमचे एक जुने छोटे यंत्र आहे. त्यावर एक्सएफसीई सुरू होते, परंतु आजची जड संकेतस्थळे उघडली की ते गुदमरते. तेवढ्या रॅमच्या यंत्रावर अँटिएक्ससारखी आणखी हलकी प्रणाली बसवून ते केवळ टंकलेखन आणि हिशेब यांपुरते वापरावे. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मिंटची २२ मालिका त्यावर चालणारच नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

पुसण्यापूर्वीची कामे

सर्व कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. नुसती नक्कल झाल्याचा संदेश आला म्हणून निश्चिंत होऊ नये. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विसरले जातात, तेही काढून ठेवावेत. विंडोजने डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर बिटलॉकरची (विंडोजच्या या कुलपाची) पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी, कारण बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बदल केल्यानंतर विंडोज ती किल्ली मागू शकते आणि त्या वेळी ती हाताशी नसेल तर सर्व माहिती कुलूपबंद राहते.

याच टप्प्यावर आपली कामे प्रामाणिकपणे तपासावीत. टॅली हे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते, त्यामुळे ज्यांचा व्यवसायाचा हिशेब त्यावर आहे त्यांनी विंडोजचे एक यंत्र ठेवावेच. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्या टोकनच्या निर्मात्याकडे लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, आहे का, हे आधी विचारावे. माझी कामे पत्रे, तक्ते, बँक, ईमेल आणि मुलीचे व्हिडिओ-पाठ एवढीच होती, त्यामुळे मला अडचण आली नाही.

पेन ड्राइव्ह तयार करणे

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक्सएफसीई आवृत्तीची फाइल उतरवून घ्यावी. ती सुमारे ३ जीबीची असते, म्हणून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. फाइल उतरवताना इंटरनेट मध्येच तुटले तर ती सदोष होते आणि तो दोष पुढे बसवताना भलत्याच ठिकाणी उघडा पडतो. म्हणून संकेतस्थळावर दिलेला चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळण्याचा संकेतांक, जुळवून पाहावा. विंडोजवरील रूफस या छोट्या साधनात फाइल निवडल्यावर तिचा चेकसम काढण्याचे बटण असते आणि पेन ड्राइव्हही त्यातूनच तयार होतो. त्यात पेन ड्राइव्हची निवड करताना बाहेरची दुसरी कोणतीही डिस्क जोडलेली ठेवू नये, कारण निवडलेल्या डिस्कवरील सर्व काही पुसले जाते.

यानंतर लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावावा आणि सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे यंत्र कोणत्या डिस्कवरून सुरू करायचे ते विचारणाऱ्या यादीची, कळ दाबावी. लेनोवो आणि डेल यांच्या बहुतेक यंत्रांत ती एफ१२ असते, एचपीमध्ये एस्केपनंतर एफ९ आणि एसुसमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२ चा हा मेनू काही वेळा बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो. पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू होण्यास सुरक्षित बूटने (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणाऱ्या सोयीने) नकार दिला, तर बायोसमध्ये ते बंद करावे. वर सांगितलेली किल्ली लिहून घेण्याचे महत्त्व येथे कळते.

आधी वापरून पाहावे

पेन ड्राइव्हवरून संपूर्ण डेस्कटॉप सुरू होतो आणि आतल्या डिस्कला हातही लागत नाही. नवख्या माणसासाठी लिनक्सची ही सर्वांत मोलाची सोय आहे, आणि तिच्यासाठी किमान एक संध्याकाळ राखून ठेवावी. वाय-फाय जोडून पाहावे, व्हिडिओ लावून आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा दाबाव्यात, झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडावे आणि यंत्र झोपेतून नीट जागे होते का ते पाहावे. लहान लॅपटॉपमध्ये नेमके हे शेवटचे काम काही वेळा बिघडते. वेगावरून मात्र या वेळी मत बनवू नये, कारण सर्व काही पेन ड्राइव्हवरून वाचले जात असते आणि बसवल्यानंतरचा अनुभव निराळा असतो.

माझ्या यंत्रात वाय-फायची यादीच दिसेना. आवश्यक ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि इंटरनेटसाठी तोच ड्रायव्हर हवा, अशी ही अडचण होती. तिचा उपाय खिशातच होता. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे. लिनक्सला तो फोन तारेच्या इंटरनेटसारखा दिसतो आणि जोडणी क्षणात होते. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच इंटरनेट पुढे देतात, त्यामुळे मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. प्रणाली बसवल्यावर याच मार्गाने ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून ड्रायव्हर घेतला आणि वाय-फाय सुरू झाले. तार मात्र माहितीची देवाणघेवाण करणारी हवी. काही स्वस्त तारा फक्त चार्जिंग करतात आणि त्यात माझी अर्धी दुपार गेली.

प्रत्यक्ष बसवणे

६४ जीबीच्या डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवण्याचा मोह टाळावा. विंडोज त्यातील मोठा भाग स्वतः व्यापते, तिच्या सुधारणांना आणखी जागा लागते आणि दोन्ही प्रणालींचा श्वास कोंडतो. मोठी डिस्क असलेल्यांनी दोन्ही ठेवल्यास हरकत नाही, परंतु त्यांना एक विचित्र गोष्ट दिसेल: लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे असते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ समजते, एवढेच त्याचे कारण आहे. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्यास सांगितले की हा फरक जातो.

बसवताना डिस्कची निवड हा एकच क्षण धोक्याचा आहे. लहान लॅपटॉपमधील ईएमएमसी डिस्कचे नाव ‘एमएमसीबीएलके’ या अक्षरांनी सुरू होते, तर पेन ड्राइव्ह ‘एसडी’ने सुरू होणाऱ्या नावाने दिसतो. नावावर विसंबून न राहता आकार वाचून खात्री करावी. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करावी, म्हणजे व्हिडिओ आणि गाणी नंतर अडत नाहीत. कालविभागाच्या नकाशावर भारतासाठी ‘कोलकाता’ हेच नाव आहे. मुंबई शोधत बसू नये. आमच्या भागात शनिवारी देखभालीसाठी वीज जाते आणि तिच्याबरोबर राउटरही बंद पडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि बसवण्याचे मुख्य काम इंटरनेटशिवायही होते, तरीही हे काम चार्जर लावून आणि वीज असतानाच करावे.

पडदा आणि रॅम

पहिल्याच दिवशी एक खिडकी अशी उघडली की तिची खालची बटणे पडद्याबाहेर गेली आणि ‘ठीक’ म्हणायलाही जागा उरली नाही. अशा वेळी ऑल्ट कळ दाबून धरावी आणि खिडकीच्या कोणत्याही भागावर माउसचे डावे बटण दाबून ती वर ओढावी. तिचे शीर्षक पडद्याच्या वर निघून जाते आणि खालची बटणे दिसू लागतात. ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर हे एवढे ज्ञान मला इतर कशाहूनही अधिक उपयोगी पडले.

उंची कमी आणि रुंदी त्या मानाने भरपूर असल्यामुळे तळाची पट्टी डावीकडे उभी करावी. पट्टीवर उजवे बटण दाबून तिच्या सेटिंगमध्ये ‘डेस्कबार’ हा प्रकार निवडला आणि कुलूप काढून ती बाजूला ओढली, की पत्राच्या आणखी ओळी एका वेळी दिसतात. ब्राउझरमध्ये लांब मजकूर वाचताना एफ११ दाबून पूर्ण पडदा वापरावा. टचपॅडवर नुसत्या टिचकीने क्लिक होत नसेल, तर माउस आणि टचपॅडच्या सेटिंगमध्ये तो पर्याय चालू करावा.

रॅमसाठी झेडरॅम ही सोय आवर्जून करावी. रॅममधील कमी वापराची माहिती डिस्कवर टाकण्याऐवजी ती दाबून, म्हणजे आकुंचित करून, रॅममध्येच ठेवली जाते. ईएमएमसी रॅमपेक्षा पुष्कळ संथ असल्यामुळे याचा लाभ लहान यंत्रांना सर्वाधिक होतो. ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधून झेडरॅम-टूल्स हे पॅकेज घ्यावे आणि त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रमाण रॅमच्या ५० टक्के करावे. या फाइलमध्ये बदल करण्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागतो. संगणकाबद्दल भीती वाटणाऱ्यांनी हे काम कोणा जाणत्याला शेजारी बसवून करावे, परंतु ते सोडू नये. याखेरीज ब्राउझरमध्ये एका वेळी पाच-सहा टॅबच ठेवावेत आणि व्हिडिओ ४८० किंवा ७२० वर पाहावेत. एवढ्या पडद्यावर त्याहून मोठ्या व्हिडिओचा फरक दिसत नाही, प्रोसेसर मात्र तापतो.

मराठी लिहिणे

माझ्यासाठी हाच खरा कसोटीचा विषय होता. मिंटमध्ये मराठी अक्षरे वाचता येतात, परंतु लिहिण्यासाठी आयबस हे निरनिराळ्या भाषांत टंकन करण्याचे साधन आणि त्याची एम१७एन ही जोड बसवावी लागते. ‘इनपुट मेथड’ या साधनातून आयबस निवडावे, एकदा लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावे आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठीखाली हवा तो कळफलक जोडावा. त्यानंतर विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबल्यावर इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल होते.

उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांनी लिहिण्याची पद्धत पहिल्या दिवशी सोपी वाटते, परंतु मी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलकच शिकावा असे सांगेन. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि दोन-तीन आठवड्यांच्या सरावाने बोटे वळतात. इंग्रजी ‘डी’च्या कळीवर हलन्त आहे, त्यामुळे सर्व जोडाक्षरे त्याच एका नियमाने तयार होतात. ‘ळ’ हे अक्षर शिफ्टसह ‘एन’वर मिळते. ‘कचऱ्याची गाडी’ लिहिताना लागणारा ‘ऱ’ शिफ्टसह ‘जे’वर आहे. त्याला हलन्त आणि मग ‘य’ जोडला की ‘ऱ्य’ तयार होतो. साध्या ‘र’ला हलन्त लावला तर ‘कचर्याची’ असे रफाराचे चुकीचे रूप उमटते, आणि सोसायटीच्या फलकावर ते रोज पाहावे लागते.

लिबरऑफिस रायटर या पत्रे लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांचा पर्याय चालू करावा आणि तेथे मराठी निवडावी. केवळ हिंदी ठेवल्यास काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे येतात. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट मराठी वळणासाठीच काढलेला आहे आणि छापील पत्रात तो फार सुरेख दिसतो. फॉन्टची फाइल घरच्या फोल्डरमधील लपलेल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवली की पुरते. कंट्रोल आणि एच दाबल्यावर लपलेले फोल्डर दिसतात. आधीच्या सचिवांनी जुन्या, म्हणजे युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या, फॉन्टमध्ये केलेली इतिवृत्ते उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तेव्हा लिनक्समध्ये काही बिघडले असे मला वाटले होते. तो दोष प्रणालीचा नव्हता. असा मजकूर त्या-त्या फॉन्टच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, आणि ऱ्हस्व-दीर्घ व रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत.

प्रदेश ‘भारत’ असाच ठेवावा. अमेरिका निवडलेली असेल तर कागदाचा आकार लेटर धरला जातो, आणि ए४ वर छापताना समास सरकतो. झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी रायटरची मूळ फाइल कधीही देऊ नये. तेथील संगणकावर आपला फॉन्ट नसतो आणि पानांची मांडणी विस्कटते. रायटरमधूनच पीडीएफ करून तीच पेन ड्राइव्हवर न्यावी. घरी प्रिंटर घेण्याचा विचार असेल तर लिनक्सचा ड्रायव्हर असल्याची खात्री करूनच घ्यावा, कारण काही स्वस्त लेसर प्रिंटर केवळ विंडोजच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतात.

जागा राखणे

‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्ये एकच सॉफ्टवेअर अनेकदा दोन रूपांत मिळते: सिस्टम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक आपल्याबरोबर पायाभूत भागांचे शेकडो मेगाबाइटचे ओझे आणते, म्हणून लहान डिस्कवर शक्यतो सिस्टम पॅकेजच घ्यावे. ‘अपडेट मॅनेजर’मधील स्वयंचलित कामांच्या पानावर जुने, निरुपयोगी गाभे काढून टाकण्याचा पर्याय चालू करावा, नाहीतर प्रत्येक सुधारणेबरोबर ते साठत जातात आणि काही महिन्यांनी जागा संपल्याची सूचना येते.

टाइमशिफ्ट हे साधन प्रणालीची छायाप्रत ठेवते, आणि एखाद्या सुधारणेनंतर बिघाड झाल्यास यंत्र आदल्या स्थितीत नेता येते. ६४ जीबीवर दोनहून अधिक प्रती ठेवू नयेत. त्या बाहेरच्या डिस्कवर ठेवायच्या असतील तर ती डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. टाइमशिफ्ट आपली कागदपत्रे मात्र जपत नाही, म्हणून सोसायटीचे दप्तर मी दर रविवारी वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेते. ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट बसवले, तोही पुसलेला नाही. यंत्र सुरूच झाले नाही तर त्याच पेन ड्राइव्हवरून डेस्कटॉप उघडून, त्यातील टाइमशिफ्टने आतल्या डिस्कवरील प्रत परत बसवता येते, म्हणून त्यावर आवृत्तीचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवून तो मी सोसायटीच्या कपाटातच ठेवला आहे.